विजयदुर्गावरील दोन मिनिटे

देवगड तालुक्याच्या उत्तर सीमेवर, वाघोटन खाडीच्या मुखाशी, विजयदुर्ग हा प्राचीन किल्ला उभा आहे. शिवछत्रपतींनी तो स्वराज्यात आणला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे आश्रयस्थान झाले आणि १७५६ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून घेतला. किल्ला पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशाला तट, बुरूज व कोठारे यांबरोबर काही चौथरेही दाखविण्यात येतात. त्यांवर ना मूर्ती आहे, ना तोफ. लोक त्यांस 'साहेबाचे ओटे' म्हणतात. हा साहेब लढण्यासाठी आला नव्हता. तो सूर्याची छायाचित्रे घेण्यासाठी आला होता.

त्याचे नाव सर नॉर्मन लॉकियर. इंग्लंडातील या ज्योतिर्विदाने आयुष्यभर सूर्यप्रकाशाचा अभ्यास केला. सूर्यकिरण लोलकातून गेला की त्याचे सात रंग होतात, हे आपणांस ठाऊक आहे. त्या रंगपटात बारीक रेषा असतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. म्हणून रेषा वाचता आल्या, तर सूर्यात कोणती द्रव्ये आहेत हे पृथ्वीवर बसून सांगता येते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या वेळी गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा रंगपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लॉकियर यांनी इंग्लंडात ग्रहणावाचूनच त्या ज्वालांचा रंगपट पाहिला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. तेव्हा सूर्यात एक नवे द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान निघाले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास 'हेलियम' म्हणण्यात आले. पुढे १८९५ मध्ये रॅम्झे यांना हे द्रव्य पृथ्वीवरही सापडले.

तरीही लॉकियर यांचे समाधान झाले नव्हते. सूर्यबिंबाभोवती असणाऱ्या पातळ वायुथराचा रंगपट त्यांना छायाचित्रात पकडावयाचा होता. तो थर स्पष्ट दिसतो तो केवळ खग्रास ग्रहणाच्या आरंभी व अखेरीस, आणि तोही एकदोन क्षणच. ऑगस्ट १८९६ मध्ये ते यासाठी नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर गेले. सारी सिद्धता झाली. परंतु ऐन वेळी आकाश ढगांनी भरून गेले आणि हाती काही लागले नाही. साठी गाठलेल्या त्या वृद्ध संशोधकाने धीर सोडला नाही. पुढील खग्रास ग्रहण २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून दिसणार होते. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून येऊन कोकणच्या किनाऱ्यावर चढणार होती, आणि तिच्या वाटेवर विजयदुर्ग होता. पौष महिन्यात कोकणचे आकाश बहुधा निरभ्र असते. किल्ल्यात मोकळी जागा होती व बंदरात जहाज येऊ शकत होते. लॉकियर यांनी हे ठिकाण निवडले.

'मेल्पोमेन' नावाची युद्धनौका त्यांच्या साहाय्यासाठी आली. त्याच समुद्रावर पूर्वी आंग्र्यांच्या आणि इंग्रजांच्या तोफा परस्परांवर धडधडल्या होत्या. आता युद्धनौकेवरील खलाशी दुर्बिणी व कॅमेरे यांची निगा राखू लागले. उपकरणे हलू नयेत म्हणून भक्कम चौथरे असणे अवश्य होते. कॅमेऱ्यापुढे लोलक बसविलेले होते. त्या काळी फिल्म सर्रास वापरात नव्हती. काचेच्या तबकडीवर जिलेटिन व चांदीचे क्षार यांचा थर असे. उष्ण हवेत हा थर मऊ पडून चित्र बिघडण्याची भीती असे. धुळीचा एक कण वा प्रकाशाचा एक कवडसा पुरे. सारी तबकडी वाया जाई.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटेच टिकणार होती. तेवढ्या वेळात एका माणसाने सर्व काही करणे अशक्य होते. म्हणून लॉकियर यांनी खलाशांच्या टोळ्या पाडल्या. एकाने घड्याळाकडे पाहून उरलेले सेकंद मोठ्याने सांगावयाचे, दुसऱ्याने कॅमेऱ्याचे झाकण काढावयाचे, तिसऱ्याने नवी तबकडी द्यावयाची, आणि काहींनी सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे चित्र हाताने काढावयाचे, अशी कामे वाटून दिली. मग ग्रहण लागले आहे असे समजून पुनःपुन्हा सराव करून घेतला. ज्यांनी विज्ञानाचे पुस्तक कधी उघडले नव्हते, तेही आपले काम बिनचूक करू लागले. मोठे संशोधन एकाच्या बुद्धीवर उभे राहते, परंतु ते पार पडते अनेकांच्या शिस्तीवर.

शनिवारचा तो दिवस उजाडला. आकाश स्वच्छ होते. सूर्यबिंब हळूहळू झाकत गेले. ऊन निस्तेज झाले. मग समुद्रावरून सावली धावत आली, भरदिवसा अंधार पडला आणि काळ्या बिंबाभोवती मोतिया तेजाचे वलय फुलले. त्याच काळात गावोगावी लोक स्नान, जप व दानधर्म करीत असतील. 'दे दान, सुटे गिराण' ही हाक ग्रहणकाळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. किल्ल्यात मात्र घड्याळाचे सेकंद मोजले जात होते व तबकड्या बदलल्या जात होत्या. दोन मिनिटे संपली, सूर्याचा पहिला किरण चमकला आणि काम थांबले. नॉर्वेत ढगांनी हिरावून घेतलेले यश कोकणच्या आकाशाने पदरात टाकले.

त्या दिवशी महाराष्ट्रात इतरत्रही कॅमेरे आकाशाकडे रोखलेले होते. वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर या विदुषीने एका लहान कॅमेऱ्याने तेजोवलयातील अतिशय लांब किरणाचे चित्र टिपले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील कॅम्बेल यांचे पथक आले होते. तेथेच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला हेही आपली उपकरणे मांडून बसले होते. परदेशी पंडितांच्या शेजारी एक भारतीय प्राध्यापक स्वतंत्रपणे सूर्याचे निरीक्षण करीत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण तो काळच बदलाच्या उंबरठ्यावरचा होता. १८९६ पासून मुंबईत व पुढे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती; दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी व्हावयाचे होते. याच कोकणच्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगीत होते. नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ ठरविणारा 'ओरायन' हा ग्रंथ त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केला होता. आकाशाचा असा अभ्यासक ग्रहणाच्या दिवशी बंदिवान असावा, हा केवढा दैवदुर्विलास! विजयदुर्गाच्या तबकड्यांवर सूर्याचे तेज उमटले. देशाच्या मनातील खळबळ त्यांवर उमटणे शक्य नव्हते. मात्र कॅमेरा फार दिवस साहेबाच्याच हाती राहिला नाही. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चलच्चित्र घेतले. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा प्रसंगही त्यांनी टिपला. आपल्या माणसाचा गौरव आपल्याच माणसाने चित्रबद्ध केला.

आज विजयदुर्गास 'हेलियमचे पाळणाघर' म्हणतात व १८ ऑगस्ट रोजी तेथे हेलियम दिन साजरा होतो. लॉकियर यांनी १८६८ मध्ये याच किल्ल्यावरून हेलियम शोधला, असेही सांगितले जाते. परंतु त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी. लोकस्मृतीत दोन ग्रहणे मिसळून एक झाली. यामुळे त्या ओट्यांचे मोल मुळीच उणे होत नाही. जे खरोखर घडले, तेच पुरेसे थोर आहे. एकदा अपयश आलेला साठीतला माणूस सात समुद्र ओलांडून आला आणि दोन मिनिटांसाठी त्याने शेकडो तास सिद्धता केली. सत्याशी प्रामाणिक राहणे, हा छायाचित्राचा आणि इतिहासाचा समान धर्म होय. ओट्यांसमोर उभे राहताना आपणही तो पाळला पाहिजे.

स्वाध्याय

१. लॉकियर यांनी ग्रहणाच्या निरीक्षणासाठी विजयदुर्गाची निवड का केली?
२. खलाशांकडून पुनःपुन्हा सराव का करून घेण्यात आला?
३. 'तो काळच बदलाच्या उंबरठ्यावरचा होता,' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. लोकस्मृतीत कोणती दोन ग्रहणे एक झाली? खरी हकीकत तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा. तीतील ऐकीव गोष्टी कोणत्या व पुराव्याने सिद्ध होणाऱ्या कोणत्या, हे निवडून वेगळे लिहा.