कॅमेरा घेण्यापूर्वी

(फोटो काढण्याची हौस अनेकांना असते. कॅमेरा विकत घेताना काय पाहावे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कॅमेरा, लेन्स आणि त्यांच्या जोडीचे साहित्य यांची निवड कशी करावी, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

इस्लामपूरचा संभूआप्पा-बुवाफन उरूस हिंदू आणि मुसलमान दोघेही मिळून साजरा करतात. रात्री दिव्यांची झगमग असते आणि गर्दीत शेकडो मोबाइल वर झालेले दिसतात. दुसऱ्या दिवशी ते फोटो पाहावेत, तर दिवे तेवढे लखलखीत. माणसांचे चेहरे काळे किंवा पुसट! मग घरात विषय निघतो, "अब्बा, एक चांगला कॅमेरा घेऊ या ना!" अब्बा विचारतात, "किती मेगापिक्सेलचा?"

मुलांनो, गडबड होते ती याच प्रश्नापासून. मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा बनला आहे, त्याचे माप. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. वहीच्या मोठ्या पानाएवढा, म्हणजे ए-४ आकाराचा सुबक फोटो छापायला सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये त्याहून जास्तच असतात. तरीही रात्रीचा फोटो बिघडतो, कारण उणीव ठिपक्यांची नसते, उजेडाची असते.

कॅमेरा हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले, तर बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैसम या बसऱ्याच्या शास्त्रज्ञाने असे प्रयोग केले. वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो म्हणून ती आपल्याला दिसते, हे त्यांनी 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथात मांडले. आजचा कॅमेरा म्हणजे तीच अंधारी खोली. छिद्रात काचेचे भिंग बसवले, ती लेन्स. समोरच्या भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म असे, आता सेन्सर असतो.

लेन्सच्या कडेवर दोन आकडे लिहिलेले असतात. दुकानदार ते क्वचितच समजावून सांगतो. पण कॅमेऱ्याच्या खोक्यावरच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा हे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. समजा, '५० मिमी, एफ/१.८' असे लिहिले आहे. पहिला आकडा लेन्सचे नाभीय अंतर सांगतो. ५० ला १.८ ने भागा. उत्तर येते सुमारे २८. म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र २८ मिलिमीटर रुंद उघडू शकते. मोबाइलच्या लेन्सवरही एफ/१.८ असे लिहिलेले असू शकते. पण तिचे नाभीय अंतर पाच-साडेपाच मिलिमीटर असेल, तर छिद्र जेमतेम ३ मिलिमीटरचे होते! एवढ्याशा झरोक्यातून उरुसाची रात्र आत येणार कशी? मोबाइल बरेच फोटो एकावर एक जोडून ही उणीव भरून काढतो. पण मिरवणुकीतली माणसे हलली की त्याचेही काही चालत नाही.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स पूर्ण लांब केली, की बहुधा एफ/५.६ वर येते. एफचा आकडा मोठा, तर छिद्र लहान, हे उलटे नाते लक्षात ठेवा. एफ/१.८ ची लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. एकीला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर दुसरीला शंभरावा भाग पुरतो. सेकंदाच्या दहाव्या भागात नाचणारे मूल धूसर होते. शंभराव्या भागात ते बरेच स्पष्ट येते. शाळेचे स्नेहसंमेलन, घरातला निकाह, आजीचे हसू, असे फोटो तुम्हांला काढायचे असतील, तर भारी कॅमेऱ्यापेक्षा अशी एक लहानशी लेन्स अधिक उपयोगी पडेल. मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये ती स्वस्तांपैकी एक असते. त्या क्षणाचा फोटो पुन्हा काढता येत नाही, म्हणून हे आधी समजलेले बरे.

जुन्या काळातले एक उदाहरण पाहू या. आपल्याकडे 'आग्फा क्लिक थ्री' नावाचा साधा कॅमेरा घरोघरी होता. १२० क्रमांकाच्या फिल्मवर त्याने १२ चौकोनी फोटो निघत. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३ ते २०१२) ज्या कॅमेऱ्यांनी काम करत, त्यांतला एक होता रोलिफ्लेक्स. त्यातही तीच १२० क्रमांकाची फिल्म आणि तेच १२ चौकोनी फोटो! फरक होता तो लेन्सचा, शटरचा आणि अर्थात त्यांच्या नजरेचा. रोलिफ्लेक्सची लेन्स बदलता येत नसे, तिला झूमही नव्हते. माणूस जवळचा हवा असेल, तर स्वतः चार पावले पुढे जावे लागे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाईंनी स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली टिपली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

पण चार पावले पुढे जाणे नेहमी जमत नाही. इस्लामपूरहून जवळ असलेले सागरेश्वर अभयारण्य तुम्ही सहलीत पाहिले असेल. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेऊन माणसांच्या हातांनी उभे केलेले हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले. तिथे चितळ आहे, सांबर आहे. चितळ ३० मीटरवर उभे आहे असे समजा. बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २४ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ५० मिमीची लेन्स लावली, तर सव्वाचौदा मीटरहून अधिक रुंदीचे दृश्य फोटोत येते आणि दीड मीटरचे चितळ कोपऱ्यातल्या शेळीसारखे दिसते. ३०० मिमीची लेन्स लावली, तर दृश्य सुमारे अडीच मीटरच रुंद असते आणि चितळ निम्म्याहून अधिक फोटो व्यापते. मोबाइलवर बोटांनी दृश्य मोठे केले, तर लेन्स बदलत नाही, फोटो नुसता कापला जातो. १२ मेगापिक्सेलचा फोटो चौपट मोठा केला, की पाऊण मेगापिक्सेल उरतो. याउलट बहे येथे कृष्णेच्या पात्रातले रामलिंग बेट आणि दोन्ही काठ एकाच फोटोत हवे असतील, तर १८ मिमीसारखी रुंद दृश्य घेणारी लेन्स लागते. तेव्हा फोटो कशाचे काढायचे, ते आधी ठरवा; कॅमेरा नंतर पाहा.

लांब लेन्स हातात थरथरते. ३०० मिमीच्या लेन्सला सेकंदाचा तीनशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. तेवढा उजेड नसेल, तर तिपाई म्हणजे ट्रायपॉड हवा. हलका, डगमगणारा ट्रायपॉड घेण्यापेक्षा धान्याची छोटी पिशवी कुंपणावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवलेला चांगला. हा उपाय जवळजवळ फुकट आहे.

आता कंपन्यांचे लक्ष मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहे, त्यामुळे जुने डीएसएलआर कॅमेरे कमी किमतीत मिळतात. शिकणाऱ्याला ते पुष्कळ झाले. मात्र एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही, हे विसरू नका. जुनी लेन्स घेताना तिच्या मागून बॅटरीचा झोत टाकून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त असली, तरी परत द्या. स्वतःचे कार्ड घालून दहा-वीस फोटो काढा आणि ते मोठे करून पाहा. पावती मागायला लाजू नका.

बुरशीचे कारण दमट हवा. शिराळा, चांदोलीकडच्या पावसाळ्यात कातडी पिशवीत बंद ठेवलेली लेन्स लवकर बिघडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ती ठेवावी. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे धूळ उडते, तेव्हा रस्त्यावर लेन्स बदलू नये. धूळ आधी रबरी फुग्याच्या हवेने उडवावी, मग मऊ कापडाने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने पुसले, की धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. यांखेरीज एक जादा बॅटरी आणि एक जादा कार्ड. बाकीचे फिल्टर, पट्टे आणि रंगीत पिशव्या घ्यायची घाई नाही. ते पैसे लेन्ससाठी राखून ठेवा.

स्वाध्याय

१. उरुसातील रात्रीचे फोटो पुसट का येतात?
२. ५० मिमी, एफ/२ या लेन्सचे छिद्र किती मिलिमीटर उघडेल, ते काढा.
३. क्लिक थ्री व रोलिफ्लेक्स यांत कोणते साम्य व कोणता फरक होता?
४. उपक्रम : घरातल्या एकाच वस्तूचे सकाळी, दुपारी व रात्री फोटो काढा. त्यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.