मागे येणाऱ्यासाठी थांबणारी मुंगी

पवित्र कुरआनमधील सत्ताविसाव्या सूरहचे नाव 'अन-नम्ल' म्हणजे 'मुंग्या' असे आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यापाशी आले, तेव्हा एका मुंगीने आपल्या सोबत्यांना घरात शिरण्याची सूचना केली, असा प्रसंग तिच्या अठराव्या आयतीत आला आहे. लष्कराकडून त्या नकळत चिरडल्या जाऊ नयेत, ही तिची चिंता होती. विचार करा, संकट दिसताच ती एकटी पळाली नाही. जे तिला कळले, ते तिने सर्वांपर्यंत पोहोचविले.

अल्लाहच्या सृष्टीत या गुणाची साक्ष आजही मिळते. युरोपातील ओक वृक्षांच्या जंगलात, पालापाचोळ्याखाली, टेम्नोथोरॅक्स नावाच्या मुंग्या राहतात. त्यांची लांबी अवघी 2 ते 3 मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढी. किड्याने पोखरलेले ओकचे एखादे फळ किंवा वाळलेली पोकळ काटकी एवढेच त्यांचे घर. त्यात राणी, पिल्ले आणि बहुधा शंभराच्या आसपास कामकरी मुंग्या मावतात. असे घर फार काळ टिकत नाही. फळ कुजते, काटकी मोडते आणि नवा निवारा शोधावा लागतो.

ज्या मुंगीला नवी जागा सापडते, ती परत येऊन दुसरीला सोबत घेते. मागची मुंगी आपल्या स्पर्शिकांनी पुढचीच्या पायांना व पोटाला सतत स्पर्श करीत चालते. वाटेवरच्या खुणा पाहण्यासाठी मागची थबकली, की पुढचीही थांबते. पुन्हा स्पर्श झाल्यावरच ती पाऊल उचलते. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कुळातील एका जातीचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. वाट दाखविणारी मुंगी एकटी गेली असती, तर अन्नापर्यंत सुमारे चौपट वेगाने पोहोचली असती, असे त्यात आढळले. तरीही ती आपला वेग सोडते, कारण मागचीने नुसते पोहोचणे पुरेसे नाही, तिला वाट कळली पाहिजे. वाट शिकलेली मुंगी मग स्वतः इतरांना नेऊ शकते.

आता आपण आपल्या घरात डोकावून पाहू. मुलाला नमाज शिकविताना एक शब्द चुकला, की आपला आवाज चढतो. वृद्ध आईला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना कपाळावर आठी पडते. दीनकडे नव्याने वळलेल्या तरुणाकडून आपण पहिल्याच महिन्यात सर्व काही अपेक्षितो, आणि तो मागे पडला, की त्यालाच दोष देतो. आपण मात्र थांबलो होतो का, हे विचारीत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीत याहून वेगळी होती. जमातीत दुर्बल, वृद्ध आणि निकडीत असलेले लोक असतात, म्हणून इमामाने नमाज हलकी ठेवावी, अशी त्यांची शिकवण आहे. हजरत मुआज (र.) यांनी नमाज फार लांबविल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना कडक समज दिली. आणि स्वतः नमाज पढविताना बालकाचे रडणे कानी पडले, की आईची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत. जे सर्वांच्या पुढे होते, त्यांचे लक्ष सर्वांत मागच्या माणसावर होते.

मुंगीचे बोलणे ऐकून हजरत सुलैमान (अ.) यांनी स्मित केले आणि अल्लाहच्या कृपेबद्दल कृतज्ञ राहण्याची व सत्कर्म करण्याची बुद्धी मागितली. एवढ्या मोठ्या सम्राटाने मुंगीचे ऐकून घेतले. आपणही आज एवढे करू या: घरात जो आपल्यामागे चालत आहे, त्याच्यासाठी दोन पावले थांबू या. आपल्याला मिळालेले ज्ञान ही अमानत आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचली, तरच आपण तिचा हक्क अदा केला असे होईल. अल्लाह आपल्याला हे धैर्य देवो. आमीन.