गुडघा गेला, मग कॉपेल यांनी काय केलं?

प्रश्न : आयएसएल या फुटबॉल लीगमध्ये 2016 साली केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक असलेले स्टीव्ह कॉपेल पूर्वी मँचेस्टर युनायटेडकडून खेळायचे, असं कळलं. मग मोठ्या खेळाडूंत त्यांचं नाव फारसं का निघत नाही? आणि प्रशिक्षक म्हणून ते खरोखर किती मोठे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाव निघत नाही, कारण खेळ अर्ध्यावर सुटला. लिव्हरपूलचे कॉपेल विद्यापीठात अर्थशास्त्र शिकता शिकता ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून खेळत होते. 1975 मध्ये युनायटेडने त्यांना घेतलं, तरी पदवी त्यांनी पुरी केली. उजव्या बगलेवरून पळणारा आणि संपूर्ण सामनाभर न दमणारा हा खेळाडू 1977 ते 1981 या काळात लीगचे सलग 206 सामने खेळला. नोव्हेंबर 1981 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडकडून हंगेरीविरुद्ध खेळताना गुडघा जायबंदी झाला. तसाच रेटून ते 1982 चा विश्वचषक खेळले, पण ऑक्टोबर 1983 मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बूट उतरवावे लागले.

पुढच्याच वर्षी ते क्रिस्टल पॅलेसचे मॅनेजर झाले. क्लब दुसऱ्या श्रेणीत, हातात पैसा बेताचा. अशा वेळी माणसं पारखण्याची त्यांची नजर कामी आली. गिलाव्याची कामं करणारा, हौशी फुटबॉल खेळणारा, व्यावसायिक क्लबांनी चाचणीत नाकारलेला एक तरुण त्यांनी 1985 मध्ये घेतला. तोच इयन राइट. पुढे आर्सेनलकडून 185 गोल करून त्याने त्या क्लबचा विक्रम मोडला.

कॉपेल यांचं मोठेपण मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते 1989-90 च्या हंगामात. पॅलेस नुकताच वरच्या श्रेणीत आला होता आणि सप्टेंबरमध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने त्यांना 9–0 असं धुतलं. लिव्हरपूलच्या आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी गोल केले. एवढ्या माराने संघ मोडून पडतो. कॉपेल यांनी आधी गोलपोस्ट सावरली : ब्रिस्टल रोव्हर्सचा नायजेल मार्टिन आणला. दहा लाख पौंड मोजून घेतलेला तो ब्रिटनमधला पहिला गोलरक्षक. एप्रिलमध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत पुन्हा लिव्हरपूलच समोर आला. पाय मोडल्यामुळे राइट संघात नव्हता. मध्यंतराला पॅलेस 0–1 मागे होता, निर्धारित वेळ संपली तेव्हा 3–3. जादा वेळेत कॉर्नर आला, जवळच्या खांबापाशी अँडी थॉर्नने डोक्याने चेंडू मागे वळवला आणि अ‍ॅलन पार्ड्यूने हेडरने गोल केला. 4–3! त्या चारांपैकी तीन गोल फ्री किक किंवा कॉर्नरमधून आले. कौशल्यात लिव्हरपूल वरचढ होतं. म्हणून कॉपेल यांनी लढाई थांबलेल्या चेंडूवर नेली. अंतिम सामना युनायटेडशी 3–3 असा सुटला आणि फेरलढत 0–1 ने गेली. पण पुढच्या हंगामात पॅलेस लीगमध्ये तिसरा आला.

मँचेस्टर सिटीत 1996 मध्ये ते जेमतेम महिनाभर टिकले. प्रकृतीचं कारण देऊन बाहेर पडले. रेडिंगमध्ये मात्र त्यांचं काम पुन्हा बहरलं. कॉर्क सिटीकडून 78 हजार पौंडांत आणलेल्या केविन डॉइलसारख्या खेळाडूंना घेऊन त्यांनी 2005-06 मध्ये दुसऱ्या श्रेणीत 106 गुण मिळवले. हा विक्रम ठरला. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये संघ आठवा आला.

2016 मध्ये ते भारतात आले आणि ब्लास्टर्सला थेट अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. कोचीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, कोलकात्याच्या संघाकडून ते पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. नंतर त्यांनी जमशेदपूर आणि एटीके हे संघही सांभाळले.

मॅनेजर म्हणून मोठा करंडक त्यांच्या नावावर नाही, हे खरं. तरी तुटपुंज्या पैशांत संघ उभा करणाऱ्यांत मी त्यांना पहिल्या रांगेत बसवतो. 1990 च्या त्या उपांत्य सामन्याचं चित्रण मिळालं तर जरूर पाहा, आणि पॅलेसचा प्रत्येक कॉर्नर नीट बघा.