बंदीच्या आधी कोंबडी अंड्यावर आणायची असेल तर



इकडे मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदी-तलावात जाळं टाकता येत नाही. तिकडे कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. जाळं घरी आलं की रोजचा पैसा थांबतो, पोरांचं जेवण मात्र थांबत नाही. परसात आठ-दहा कोंबड्या असल्या तर या दिवसांत घरचं अंडं मिळतं आणि चार अंडी विकून मीठ-मिरची निघते. पण त्यासाठी पिल्लं मे महिन्यात आणून चालत नाही. आज त्याचाच हिशेब मांडतोय.

हिशेब उलटा धरा. ग्रामप्रिया जातीची तलंग साधारण साडेपाच महिन्यांत अंड्यावर येते, वनराजा आणि कडकनाथ सहा महिन्यांच्या आसपास. म्हणजे जूनमध्ये अंडी हवी असतील तर एक दिवसाची पिल्लं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घरात हवीत. कडकनाथ आपल्या झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाला भाव चांगला, पण अंडी कमी. अंड्यांसाठीच पाळायच्या तर ग्रामप्रिया बरी. नर-मादी न निवडलेली पिल्लं मिळाली तर निम्मे कोंबडे निघतात, म्हणून दहा तलंगांसाठी २२-२५ पिल्लं घ्या. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही. अवधपुरीसारख्या दाटीच्या वस्तीत कोंबडे वेळेवर विकलेले बरे, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

पहिले चार आठवडे. सगळा खेळ इथेच आहे. भोपाळच्या डिसेंबरच्या थंडीत उब नसेल तर पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, खाली दोन इंच साळीचं तूस पसरा, वर बल्ब टांगा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश उब लागते, मग दर आठवड्याला तीन अंश कमी करत जा. बल्ब जुना, तारेचा हवा. एलईडी उजेड देतो, उब देत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुरानं पिल्लंही जातात आणि माणसंही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असली तर ठीक. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडत नाही. ओलं तूस रोज काढा.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी जानेवारीत चार आठवड्यांची, लस दिलेली पिल्लं घ्यावीत. महाग पडतात, पण मर कमी.

लस चुकवू नका. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या आसपास, मानमोडीची दुसरी चौथ्या आठवड्यात, देवीची सहा ते आठ आठवड्यांत आणि मानमोडीची मोठी लस आठ ते दहा आठवड्यांत. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तारखा भिंतीवर लिहून ठेवा. लस बर्फात आणायची असते, ते आपल्या लोकांना शिकवायला नको.

खाद्य. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचं खाद्य, पुढे वाढीचं, आणि पहिलं अंडं दिसल्यावरच लेयरचं. लेयरच्या खाद्यात चुना जास्त असतो, लहानपणी दिला तर मूत्रपिंडं खराब होतात. मोठी कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते. सुकी मासळी कुटून थोडी मिसळता येते, पण ती बिनमिठाची हवी. खारवलेल्या मासळीनं पिल्लं मरतात. प्रमाण वाढलं तर अंड्याला मासळीचा वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. कोंबड्या अंड्यावर आल्या की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

खुराडं. दहा कोंबड्यांना २०-२५ चौरस फूट पुरतं. जुनं जाळं घारी-कावळ्यांसाठी वरून ताणायला चांगलं. बाजूला मात्र लोखंडी जाळीच लावा, मुंगूस आणि बोका नायलॉन कुरतडून आत शिरतात. मे-जूनच्या उन्हात सावली, गार पाणी आणि ओली पोती लागतात, नाहीतर ऐन वेळी अंडी घटतात.

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. बर्ड फ्लू पाणपक्ष्यांकडून पसरतो आणि आपण तलावावर त्याच पक्ष्यांमध्ये वावरतो. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात देशातली पहिली लागण सापडली, तेव्हा नमुने तपासले ते आपल्या भोपाळच्या आनंदनगरातल्या प्रयोगशाळेनं. परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. म्हणून तलावावरची चप्पल खुराड्यात नको, हात-पाय धुऊन मगच आत जा, आणि मेलेलं बदक घरी आणू नका. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर कापून खाऊ नका, विकू नका, लगेच दवाखान्यात कळवा.

शेवटी पैशाचं. दहा कोंबड्या चांगल्या लागल्या तर दिवसाला सरासरी पाच अंडी धरा, बंदीच्या दोन महिन्यांत तीनशे. यात होडीचा हप्ता निघणार नाही. पण पोरांच्या ताटात अंडं राहील आणि किराणा उधार आणायची वेळ कमी येईल. त्याआधी पाच-सहा महिने खाद्य नुसतं जातं, ते पैसे हंगामातच बाजूला काढा.

पिल्लं घेणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्येच आपसात बोलून एकत्र मागणी करावी.