पोट भरलं, पण पोषण झालं का? (अंडी असलेल्या शॅमेलिऑनच्या निमित्ताने एक पाठ)



आमच्या कोलशेतला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर येऊरचा डोंगर आणि मधे उंच टॉवर. त्यामुळे वर्गात सरडा, साप, बगळा यांच्या गोष्टी रोजच निघतात. पण पोषणाचा पाठ चालू असताना एका मुलीने विचारलेला प्रश्न मला नवीन होता. "बाई, आमच्या शॅमेलिऑनच्या पोटात अंडी आहेत. मी तिला रोज जास्त किडे देते, तरी ती मलूल का?"

घरी पाळलेली ती मादी व्हेल्ड शॅमेलिऑन होती. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियातली. मुलीने प्रेमाने किड्यांची संख्या दुप्पट केली होती. तिचं गणित सरळ होतं: पोटात बाळं आहेत, म्हणजे जास्त खाऊ. आपण घरातल्या गरोदर बाईलाही "दोन जिवांचं खा" म्हणतोच की! चूक प्रेमाची नव्हती, "जास्त" या शब्दाची होती. त्यावरूनच हा पाठ उभा राहिला.

अंड्याचा खर्च कोण भरतो?

वर्गात मी आधी कोंबडीपासून सुरुवात केली. कोंबडीच्या अंड्याचं कवच साधारण ५ ते ६ ग्रॅमचं असतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. म्हणजे एका अंड्यामागे सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम कोंबडीच्या शरीरातून बाहेर जातं. एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणून आजी कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा टाकते!" अगदी बरोबर. खाडीकाठच्या घरांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे.

शॅमेलिऑनच्या अंड्याचं कवच कोंबडीसारखं टणक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. पण पिल्लाची हाडं घडायला लागणारं कॅल्शियम बलकात आणि कवचात आईलाच भरावं लागतं. आणि व्हेल्ड शॅमेलिऑन एका वेळी एक नाही, कित्येक डझन अंडी घालू शकते. आहारातून कॅल्शियम आलं नाही, तर शरीर ते हाडांतून काढतं. हाडं मऊ होतात, पाय वाकतात, पकड सुटते. स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की अंडी बाहेर ढकलण्याची ताकद राहत नाही आणि ती पोटातच अडकतात. यात मादीचा जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते. "एकटीच आहे, तिला कुठली अंडी?" असं समजून गाफील राहू नये.

मग किडे दुप्पट करून का भागलं नाही?

कारण किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं असतं. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं, आणि नुसत्या रातकिड्यांत प्रमाण नेमकं उलटं असतं. दहाचे वीस किडे केले तरी प्रमाण तेच! उलट भरमसाट खायला घातलं की पुढच्या खेपेला अंडी आणखी जास्त धरतात आणि आईवरचा भार वाढतो. पोट भरणं आणि पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथे पटकन कळलं.

योग्य आहार कसा?

१. आधी किड्याला जेवण. रातकिडे किंवा डुबिया झुरळं देण्यापूर्वी त्यांना एक दिवस शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घालावा. किड्याच्या पोटातलं तेच मादीच्या पोटात जातं. पालकाची भाजी टाळावी, तिच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

२. कॅल्शियमची पूड. किडे पिशवीत घालून त्यांवर फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम पूड भुरभुरावी. पोटात अंडी असताना ही जवळजवळ प्रत्येक खाण्याला चालते.

३. डी-३ आणि इतर जीवनसत्त्वं मोजूनच. जीवनसत्त्व डी-३ नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. पण ते जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत साचतं. म्हणून डी-३ असलेली पूड आणि मल्टिव्हिटॅमिन सहसा महिन्यातून दोनदाच देतात. नेमकं प्रमाण सरीसृप तपासणाऱ्या पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावं.

४. उजेड. डी-३ कातडीत तयार व्हायला यूव्ही-बी किरण लागतात. या मुलीच्या घरी पिंजरा खिडकीत होता, ऊन छान यायचं, पण बंद काचेतून! खिडकीची काच यूव्ही-बी जवळजवळ सगळे अडवते. त्यामुळे योग्य यूव्ही-बी दिवा हवा, किंवा सावलीची सोय ठेवून थेट कोवळं ऊन.

५. पाणी. शॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटते. दिवसातून काही वेळा पानांवर फवारा मारावा. पाणी कमी पडलं तरी अंडी अडकू शकतात.

६. माती. ही गोष्ट आहाराची नाही, पण हिच्याविना आहार वाया जातो. साधारण एक फूट खोल टबात ओलसर वाळू-माती हवी, बोगदा खणला तर ढासळणार नाही इतकी ओली. मादी खणू लागली की डोकावू नये, नाहीतर ती काम अर्धवट सोडते. या दिवसांत तिचं खाणं कमी होतं, ते साहजिक आहे.

पण दिवसा डोळे मिटून बसणं, फांदी सोडून तळाशी पडून राहणं, खणूनही अंडी न घालणं ही धोक्याची चिन्हं आहेत. तेव्हा घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. आमच्या विद्यार्थिनीच्या आईने तेच केलं. उपचार झाले, मातीचा टब ठेवला आणि अंडी घातली गेली. नंतर मुलगी म्हणाली, "बाई, मी तिला खूप देत होते, पण जे हवं ते देत नव्हते." मी फळ्यावर तेवढंच वाक्य लिहिलं.

कायद्याचा धडाही इथेच

ही गोष्ट ऐकून दोन मुलं म्हणाली, "आम्ही पण झाडावरचा सरडा पाळतो!" तिथे मी थांबवलं. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणं आणि घरी ठेवणं गुन्हा आहे. जखमी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. व्हेल्डसारख्या परदेशी जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. आणि खरं सांगू? प्राणी आणण्यापूर्वी त्याचा डॉक्टर जवळपास आहे का, हे आधी पाहावं.

वर्गात करून पाहा

• कोंबडीचं अंडं व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा. बुडबुडे येतील, कवच विरघळेल, मऊ पापुद्रा उरेल. कॅल्शियम गेल्यावर काय होतं, हे हाताला कळतं.

• पावसाळ्यात शाळेच्या आवारात बागेतल्या सरड्याची मादी ओल्या मातीत खणताना दिसली, तर लांबूनच निरीक्षण करून वहीत नोंदी करा.

• घरी विचारा: कोंबडीला शिंपले, गाभण गाईला खनिज मिश्रण, गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या का देतात? तिन्हींचं उत्तर एकच आहे का?

शेवटच्या प्रश्नावर आमच्या वर्गात अर्धा तास चर्चा रंगली. एक मुलगा घरी जाऊन आईला म्हणाला, "तू दूध आम्हालाच देतेस, तुझ्या हाडांचं काय?" पाठ पोचला, असं मला तेव्हा वाटलं.