जर्मनची भांडी, तुरटी आणि आपले शरीर

ज्या धातूस आपल्याकडे ‘जर्मन’ म्हणतात तो म्हणजे अॅल्युमिनियम होय. जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी हा धातू निरनिराळ्या रूपांनी येतो. चुलीवर पातेले असते, गढूळ पाण्यात तुरटी फिरते, पित्ताच्या औषधात तो असतो आणि धान्याच्या गोळ्यांच्या नावातही असतो. या सर्वांपासून सारखाच अपाय होतो ही समजूत बरोबर नाही. कोणते रूप निरुपद्रवी व कोणते घातक, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेऊन घरोघरी सांगावयास हवे.

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के अॅल्युमिनियम आहे. आपल्या काळ्या जमिनीतही ते विपुल आहे. परंतु ही जमीन बहुधा विम्लधर्मी असल्यामुळे ते चिकणमातीत बांधलेले राहते व पिकांच्या मुळांस सहसा त्रास देत नाही. आम्लधर्मी जमिनीत मात्र ते विरघळते आणि मुळे खुरटतात. हाच नियम स्वयंपाकघरातही चालतो : आंबटाने अॅल्युमिनियम सुटते.

या भांड्यावर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप चढतो व तोच भांड्याचे रक्षण करतो. विहिरीचे जड पाणी त्यात वरचेवर उकळले की भांडे आतून काळे पडते. पुढे त्याच भांड्यात अंबाडीची भाजी किंवा चिंचेचे सार शिजविले तर ते लख्ख निघते. गृहिणीस याचा आनंद होतो खरा. पण तो काळा थर गेला कोठे? तो भाजीत उतरला! मीठ व आंबट एकत्र असून पदार्थ रात्रभर भांड्यात राहिला तर हे प्रमाण आणखी वाढते. म्हणून भात, डाळ, दूध यांस हे भांडे चालेल. अंबाडी, टोमॅटो, कढी, ताक व लोणचे यांसाठी स्टीलचे, मातीचे किंवा कल्हईचे भांडे वापरावे. नवे भांडे वापरण्यापूर्वी त्यात दोन-चार वेळा पाणी उकळून ओतून द्यावे. राखेने वा चिंचेने रोज खरवडून भांडे चकचकीत करण्याचा हव्यास मात्र सोडावा. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त भांड्यांत शिसे असू शकते व ते अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे, यास्तव आय.एस.आय. चिन्ह पाहूनच भांडे घ्यावे.

आता पोटात गेलेल्या अॅल्युमिनियमचे काय होते ते पाहू. अन्नातून गेलेल्यापैकी हजारात सुमारे एक भाग आणि पाण्यातून गेलेल्यापैकी सुमारे तीन भाग एवढेच आतड्यातून रक्तात शिरतात. बाकीचे शौचावाटे जाते. म्हणजे अन्नातून १० मिलिग्रॅम गेले तर रक्तात मिलिग्रॅमचा सुमारे शंभरावा हिस्सा पोचतो. त्यातील बहुतेक भाग मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. उरलेले हळूहळू साठते. निरोगी माणसाच्या शरीरात एकूण ३० ते ५० मिलिग्रॅम अॅल्युमिनियम असते व त्यापैकी जवळजवळ निम्मे हाडांत असते. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली दर किलो शरीरवजनास आठवड्याला २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. ६० किलो वजनाच्या माणसास ती १२० मिलिग्रॅम होते.

पित्तावरील कित्येक औषधांत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते व त्याच्या दिवसभराच्या मात्रेतच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. निरोगी माणसाने थोडे दिवस घेतल्यास भय नाही. परंतु लिंबू व मोसंबीत असणारे सायट्रिक आम्ल अॅल्युमिनियमचे शोषण कित्येक पटींनी वाढविते. मोसंबी हे तर आपल्या जिल्ह्याचे पीक. ती अवश्य खावी, मात्र या औषधाबरोबर तिचा रस घेऊ नये. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून अशी औषधे घेऊच नयेत. १९७० नंतरच्या दशकात परदेशांत डायलिसिसच्या पाण्यातील अॅल्युमिनियम थेट रक्तात गेल्याने रोग्यांची वाचा अडखळू लागली, स्मृती गेली, हाडे ठिसूळ झाली व काही दगावले. तेव्हापासून डायलिसिससाठी पाणी विशेष शुद्ध करून वापरतात. भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही.

तुरटीचा उपयोग २०१२-१३ सारख्या टंचाईच्या वर्षी, टँकरचे पाणी गढूळ येते तेव्हा, विशेष होतो. वीस लिटरच्या हंड्यास अर्धा ते एक ग्रॅम तुरटी पुरते. ती पाण्यात विरघळताच अॅल्युमिनियमचे चिकट पुंजके बनतात, मातीचे कण धरतात व तळाशी बसतात. योग्य मात्रेत घातल्यास बहुतेक अॅल्युमिनियम त्या गाळातच राहते. म्हणून हंडा न हलविता वरचे पाणी काढून घ्यावे. तुरटीने सर्व रोगजंतू मरत नाहीत, यास्तव ते पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे.

धान्याच्या गोळ्यांची, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइडची, गोष्ट अगदी निराळी आहे. येथे विष अॅल्युमिनियम नव्हे. हवेतील ओलावा लागताच गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. तो पोत्यातून व भिंतीच्या फटीतून झिरपतो आणि शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसांचा प्राण घेऊ शकतो. यावर उतारा नाही. कायद्याने हे धुरीकरण शासकीय यंत्रणेने किंवा परवानाधारक कीडनियंत्रकाने तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. राहत्या घरातील कणगीत वा पोत्यात ही गोळी कदापि ठेवू नये. बियाण्याची ज्वारी किंवा तूर कडक उन्हात वाळवून, निंबाचा सुका पाला घालून, बंद कोठीत ठेवावी. घरात लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आल्यास सर्वांनी तत्काळ उघड्यावर यावे. मळमळ, छातीत घुसमट किंवा चक्कर असलेल्या रोग्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे आणि घरात कोणती गोळी ठेवली होती ते डॉक्टरांस प्रथम सांगावे.