सुरूच्या झाडाखाली गवत का उगवत नाही?

(शेतकीविषयक धडा)

वैशाखाच्या अखेरीस अंबरनाथहून बदलापुराकडे जाणाऱ्या वाचकांनी रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांच्या टेकड्यांकडे एकवार लक्षपूर्वक पाहावे. ज्या वरकस उतारावर गतवर्षी मनुष्याच्या कमरेइतके गवत वाढले होते, तेथे कापणीनंतरही खुंट उभे असतात व त्यांच्या मुळ्यांनी माती धरून ठेवलेली असते. पण त्याच टेकडीवर जेथे सुरूची किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची दाट रांग लावलेली आहे, तेथे झाडांखाली वाळलेल्या पाल्याचा थर असतो, आणि तो वणव्यात जळून गेला तर उघडी जमीन. मृगाची पहिली जोरदार सर आली म्हणजे अशा जमिनीवरून तांबडे पाणी धावते आणि ओहोळावाटे उल्हास नदीस मिळते. त्या पाण्याचा तांबडा रंग म्हणजे आपली मातीच होय. बोटभर जाडीची माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती जाण्यास एक पावसाळा पुरतो. यास्तव झाडाखाली गवत का उगवत नाही हा प्रश्न केवळ अंगणाच्या शोभेचा नाही. तो गुरांच्या चाऱ्याचा व टेकडीच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

१. आमची चूक

प्रथम आमचीच एक चूक सांगणे योग्य होईल. आमच्या घरामागील उतारावर सुरूची एक जुनी रांग आहे. तिच्याखाली गवत धरत नसे, आणि दर पावसाळ्यास मुळे अधिकाधिक उघडी पडत चालली होती. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत आम्ही वाचले होते की, चीड वगैरे सुईसारख्या पानांच्या झाडांखाली जमीन आंबट होते व म्हणून गवत येत नाही. उपाय, चुना घालावा. सुरूची पानेही सुयांसारखीच दिसतात, तेव्हा रोगही तोच असला पाहिजे असे आम्ही गृहीत धरले आणि दोन वर्षे लागोपाठ चुना पसरला. पैसे गेले, श्रम गेले, गवत काही आले नाही. तिसऱ्या वर्षी मातीची तपासणी करवली, तेव्हा कळले की आमची जमीन मुळी म्हणण्यासारखी आंबट नव्हतीच. वैद्याने नाडी न पाहता औषध द्यावे, तसा हा प्रकार झाला.

२. आंबट जमीन म्हणजे काय?

मातीची आम्लता ज्या अंकाने मोजतात त्यास सामू म्हणतात. सामू ७ असल्यास जमीन उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्लधर्मी म्हणजे आंबट, व अधिक असल्यास अल्कधर्मी समजावी. हे माप साधे चढउताराचे नव्हे. एक अंक खाली आला की आम्लता दहापट वाढते. म्हणून ५ सामूची जमीन ६ सामूच्या जमिनीहून दहापट, व ७ सामूच्या जमिनीहून शंभरपट आंबट असते. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला म्हणजे मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते, त्याने कोवळ्या मुळांची टोके खुरटतात, आणि स्फुरद मातीत अडकून पडल्यामुळे रोपास मिळत नाही.

जमीन आंबट होण्याचे आपल्या कोकणातील मोठे कारण झाड नसून पाऊस आहे. आपल्या भागात वर्षास सुमारे २५०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. इतके पाणी जमिनीतून झिरपताना चुना व इतर क्षार धुऊन नेते. माथेरानसारख्या जांभ्या दगडाच्या माथ्यावर हा परिणाम अधिक, तर बदलापुराच्या खलाटीतील काळसर भातजमिनीवर कमी दिसतो.

दुसरे कारण मनुष्याच्या हातचे आहे. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १८५६ साली एका कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकास निराळे खत देण्यास आरंभ केला. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांस वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले, त्यांची माती इतकी आंबट झाली की तेथे गवताच्या मोजक्याच जाती तग धरून राहिल्या. १९०३ पासून काही भागांस चुना देण्यात येऊ लागला, तेव्हा फरक स्पष्ट दिसला. त्या उघड्या कुरणात चिडाच्या झाडाची सावली नव्हती. आंबटपणा खताच्या गोणीतून आला होता.

३. मग दोष कोणाचा?

चिडाची ताजी गळलेली पाने आंबट असतात हे खरे. परंतु ती कुजताना त्यांची आम्लता बरीच नाहीशी होते, आणि खालच्या मातीत फरक पडलाच तर तो बहुधा वरच्या पातळ थरात पडतो. चिडाचे रान जेथे असते तेथील जमीन पुष्कळदा आधीपासूनच आंबट असते. चीड ती सोसतो, इतकेच. लोकांनी शेजाऱ्यास गुन्हेगार ठरविले.

सुरूचा पुरावा तर आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच आहे. कोकणच्या पुळणीवर सुरूची बने आहेत. तेथील वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो, आणि शिंपला म्हणजे चुनाच. अशा जमिनीत आंबटपणा कोठून येणार? तरीही त्या बनांखाली गवत विरळाच दिसते. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ती कारणे तीन आहेत.

पहिले, सावली. आपली हरळी उन्हाची लेक आहे; दाट सावलीत ती झुरते. दुसरे, तहान. झाडाची बारीक मुळे जमिनीच्या वरच्याच थरात पसरलेली असतात व दिवाळीनंतरचा ओलावा प्रथम तीच पितात. तिसरे, पाल्याचा थर. सुरूची म्हटली जाणारी पाने वस्तुतः बारीक हिरव्या काड्या होत, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची पाने म्हणजे चपटे झालेले देठ. दोन्ही सावकाश कुजतात. त्यांची जाड गादी झाली म्हणजे गवताचे बी मातीपर्यंत पोहोचतच नाही, आणि वर रुजलेच तर ऊन पडताच करपते.

४. चार चौकांचा प्रयोग

आमच्या वाचकांनी आमच्या शब्दावर विसंबू नये. आपल्या जमिनीसच विचारावे. झाडाखाली एक-एक मीटरचे चार चौक खुंट्या मारून आखा. पहिला चौक आहे तसाच ठेवा. दुसऱ्यात केवळ चुना मिसळा. तिसऱ्यातील पाला दाताळ्याने काढा आणि त्यावर ऊन येईल अशा बेताने खालच्या फांद्या छाटा. चौथ्यात ही दोन्ही कामे करा. मृगाच्या सरी स्थिर झाल्या म्हणजे चारही चौकांत एकाच गवताचे सारखेच ठोंब लावा, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास पाहा. दुसरा चौक हिरवा झाला तर दोष आम्लतेचा. तिसरा झाला तर सावलीचा व पाल्याचा. चौथाच तेवढा फुलला तर दोहोंचा. ऊन मात्र शेजारच्या चौकावरही सांडते, म्हणून तिसरा व चौथा चौक पहिल्या दोहोंपासून थोडे दूर, पण बुंध्यापासून सारख्याच अंतरावर असावेत.

याच्या जोडीस मातीही तपासावी. एक नमुना झाडाखालचा व एक शेजारच्या उघड्या जमिनीचा, असे दोन निराळे नमुने घ्यावे. प्रत्येकासाठी आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती तासून घ्यावी, ती एकत्र कालवावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून, नाव व ठिकाण लिहून, कृषी खात्याच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामूचा आकडा प्रारंभीच दिलेला असतो. दोन्ही नमुन्यांचा सामू जवळजवळ सारखा आला, तर झाडावरचा आंबटपणाचा आरोप रद्द करावा.

५. चुना केव्हा व किती?

सामू ५.५ च्या खाली असेल तरच चुन्याचा विचार करावा. हलक्या जमिनीस हेक्टरी १ ते २ टन चुनखडीची भुकटी, म्हणजे गुंठ्यास १० ते २० किलो, बहुधा पुरते. नेमके माप तपासणीच्या अहवालावरून ठरवावे. १०० किलो चुनखडीचे काम ५६ किलो कळीचा चुना किंवा ७४ किलो विरवलेला चुना करतो. कळीचा चुना हात व डोळे भाजतो, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. चुना लागवडीपूर्वी महिनाभर तरी आधी मातीच्या वरच्या थरात मिसळावा. ताज्या शेणखताबरोबर अगर युरियाबरोबर घालू नये, कारण त्यातील नत्र हवेत उडून जाते. लाकडाची राखही थोड्या प्रमाणात हेच काम करते. आपल्या भातशेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजून रोपे वाढविली, त्या राखेच्या गुणांत हाही एक गुण होता.

येथे दोन इशारे देणे अवश्य आहे. उल्हासनगरातील दाट वस्तीत पुष्कळ अंगणे जुन्या बांधकामाच्या भरावावर झालेली असतात. अशा मातीत चुना व सिमेंट आधीच भरपूर असते. तीत आणखी चुना घातल्यास लोह मिळेनासे होऊन गवत पिवळे पडते. दुसरा इशारा वालधुनी नदीकाठच्या लोकांस. जेथे कारखान्यांचे रासायनिक पाणी जमिनीत मुरले आहे, तेथील दोष चुन्याने जात नाही. अशा जागी चाऱ्याचे गवत लावूच नये. गुरांच्या पोटातून ते विष दुधात उतरण्याचा संभव असतो.

६. लागवड

झाडाच्या खालच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्या, पण जाड मुळे तोडू नयेत व बुंध्याशी मातीचा ढीग घालू नये. काढलेला पाला जाळू नये. खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवावा. जेथे चार-पाच तास ऊन येते तेथे हरळी किंवा मारवेल लावावे. विरळ सावलीत रुंद पानांचे, जमिनीलगत पसरणारे विलायती गवत बरे. रोपवाटिकेत त्यास कार्पेट ग्रास म्हणतात आणि ते आंबट जमीनही सोसते. ठोंब वीतभर अंतरावर, उतारास आडव्या ओळींत लावावे. उतार तीव्र असल्यास उन्हाच्या बाजूस वाळ्याची एक आडवी ओळ लावावी; त्याची मुळे खोल जाऊन माती धरतात व आंबट जमिनीतही तो जगतो. पहिला पावसाळाभर त्या जागी गुरे-शेळ्या सोडू नयेत. हा नियम पाळणे सर्वांत कठीण, व तोच मोडला गेल्यामुळे बहुतेक लागवडी फसतात.

आमच्या उतारावर या रीतीने काम केल्यावर रांगेच्या बाहेरच्या अंगास हरळी धरली. बुंध्यापासून दोन-तीन हात जागा मात्र उघडीच राहिली. तेथे आम्ही हट्ट सोडला आणि पाल्याचा पातळ थर मुद्दाम राहू दिला. पावसाचा थेंब मातीवर आदळण्याऐवजी पाल्यावर आदळतो. मातीचे रक्षण झाले म्हणजे हेतू साधला. आता तेथून वाहणारे पाणी पूर्वीइतके तांबडे नसते.

तात्पर्य, झाड तोडण्यापूर्वी, चुना विकत घेण्यापूर्वी, किंवा जमीनच वाईट म्हणून सोडून देण्यापूर्वी, ती खरोखर कशाने आजारी आहे हे पाहावे. चार खुंट्या, एक दाताळे व एक पिशवी माती, एवढ्याने ते कळते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सामू ५ व सामू ७ यांच्या जमिनींत आम्लतेचा किती पट फरक असतो?
२. समुद्रकिनाऱ्यावरील सुरूच्या बनावरून कोणती गोष्ट सिद्ध होते?
३. चार चौकांपैकी पहिला चौक आहे तसाच का ठेवावयाचा?
४. आपल्या गावात पहिल्या पावसाचे पाणी कोठे सर्वांत तांबडे वाहते? तेथे जाऊन कारण शोधा.